साहेब येईपर्यंत

नाना, तुम्ही गेलात तो गुरुवार होता. एमआयडीसीला सुट्टी, म्हणून मयतीला माणसं तरी जमली. एरवी तुमच्या गावात दिवसाढवळ्या खांदा द्यायला चार माणसं गोळा करायची म्हणजे मारामार, सगळी कामावर. आम्ही बायका इंद्रायणीच्या अलीकडं, लांब बाभळीखाली उभ्या होतो. माझ्या मनात आलं, बघा, मेल्यावर का होईना, गुरुवार या माणसाच्या उपयोगी पडला. हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू कोसळलं. शेजारची बाई वळून वळून बघायला लागली. ही कुठली कोण, हिचं एवढं काय गेलं? तिला काय सांगणार, की या माणसानं लावलेल्या कुलपाच्या आत माझा नवरा जळून गेला, आणि आता हाच माणूस गेला म्हणून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये? मलाच ते धड समजत नाही, तिला काय समजणार.

काल कोर्टात तारीख होती. तिथं जे झालं ते तुम्हाला सांगायचंय म्हणून लिहायला बसले. समोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही मधेच 'दमानं ताई, दमानं' म्हणाला असतात. आता मधे बोलायला तुम्ही नाही, तर सगळं माझ्या पद्धतीनं, पहिल्यापासून सांगते. आणि मला तुमच्याशी भांडायचंही आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते मी तुम्हाला असं फुकटात सोडायची नाही.

तुमची माझी ओळख मी तुमची गचांडी धरली तिथून झाली. खेडच्या कोर्टाचा व्हरांडा, पहिली की दुसरी तारीख असेल. कुणीतरी बोट दाखवून सांगितलं, तो बघा, तो रखवालदार, कुलूप त्यानंच लावलेलं. मग मला दुसरं काही दिसलं नाही. तुमच्या सदऱ्याचं बटण तुटून खाली पडलं, माझ्या दिरानं मला मागं ओढलं, पोलीस ओरडला. तुम्ही मात्र हात खाली सोडून उभे. म्हणालात, मारा ताई, तुमचा हक्क हाय. मला त्याचा आणखीनच संताप आला. पाठ फिरवून पळाला असतात तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. ही गरीब गाय समोर उभी राहिली की माणसानं काय करायचं?

तेव्हा मला तुमचे तळहात दिसले. गुळगुळीत, गुलाबी, रेषाच नाहीत. कुलूप तापलेलं असताना तुम्ही ते दोन्ही हातांनी धरून किल्ली फिरवली होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आमच्या वकील फरजाना मॅडम. पिंपरी कॅम्पात लहानाच्या मोठ्या झाल्या, वडिलांचं गॅरेज, पण त्यांनाही गुरुवार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना मी समजावून सांगितलं होतं. आपल्याकडं कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पण माल अडला, वरच्या मोठ्या कंपनीकडून फोनावर फोन यायला लागले, की मालक गुरुवारीही चालवायचे. शटर खाली, बाहेरून कुलूप, आत पेंट शॉप सुरू. हजेरी नाही, पंचिंग नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला कंपनी बंदच दिसायची. आणि रखवालदारानं गेटवर बसायचं नाही, समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, म्हणजे कुणाला संशय नको. मॅडमनी विचारलं, मग माणसं जायचीच कशाला? मी म्हटलं, खुशीनं जायची. दुप्पट रोज मिळायचा आणि वर साहेब नसल्यानं गाणी लावता यायची. माझा सुधाकर बुधवारी संध्याकाळपासूनच शीळ घालत फिरायचा. कुणाला कोंडलंय असं कुणालाच वाटत नव्हतं. गुरुवारी असंच असतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

त्या गुरुवारी थिनरची वाफ साठली, ठिणगी पडली आणि आतली पाचही माणसं गेली. तुम्ही टपरीवरनं धावत आलात, उघडलंत. उघडायला जेवढा वेळ लागला तेवढा पुरेसा होता.

मग कंपनीनं कोर्टात काय सांगितलं ते आठवतं ना? की त्या दिवशी कारखाना बंद होता. साप्ताहिक सुट्टी, सरकारी नियमाप्रमाणे. हे पाच कामगार रखवालदाराशी संगनमत करून चोरून आत शिरले आणि मोटरसायकलींच्या टाक्या रंगवायचं खासगी काम करत होते. कंपनीला यातलं काही माहीत नाही. म्हणजे माझा मेलेला नवरा चोर, आणि तुम्ही चोराचे साथीदार. बाकीच्या कामगारांना पोलिसांनी विचारलं तर एकजात सगळे म्हणाले, गुरुवारी आम्ही घरीच असतो. मॅनेजर म्हणाला, मीही घरीच असतो. त्यांना तरी काय बोलायचं, पोटाला चिमटा कोण घेईल?

राहिला तो फोन. दर बुधवारी संध्याकाळी मोठे साहेब, म्हणजे मालक, स्वतः तुम्हाला फोन करायचे. उद्या उघडायचं की नाही आणि कुणाकुणाला बोलवायचं, हे ते तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही निरोप पोचवायचात. मधे मॅनेजर नाही, कागद नाही. फोन झाला हे कंपनी नाकारत नव्हती, फोनचा हिशेब पोलिसांकडं होता. पण साहेबांचं म्हणणं, मी आपला 'उद्या सुट्टी आहे, लक्ष ठेवा' एवढंच सांगायचो. फोनवर काय बोलणं झालं ते दोघांना ठाऊक. एक साहेब, दुसरे तुम्ही.

म्हणजे सगळा खटला तुमच्या जिभेवर येऊन बसला होता, नाना. आणि तुम्ही तोंड शिवून बसला होतात.

कंपनीनंच तुम्हाला वकील दिला होता. त्यानं पढवलेलं तुम्ही पोपटासारखं म्हणायचात, आपल्याला काय आठवत न्हाई. व्हरांड्यातल्या बाकड्यावर एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी. पुकारा होईपर्यंत दुपार व्हायची. माणूस किती वेळ पाठ फिरवून बसणार? एकदा चहा आला आणि तुम्हाला तो तापलेला ग्लास धरता येईना. मनगटं जोडून उचलायला गेलात आणि सगळा धोतरावर सांडला. मी बशी मागवली, ओतून दिला. माझ्या दिरानं ते बघितलं आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, रंजनावहिनी नवऱ्याला मारणाऱ्याला चहा पाजते. त्यानं त्या दिवसापासून कोर्टात यायचं सोडलं. बरं झालं, नाहीतरी तो नुसता मोबाइल बघत बसायचा.

मी जयभीम म्हणायचे, तुम्ही रामकृष्ण हरी. मग आपलं भांडण सुरू. मी विचारायचे, नाना, हुकूम कुणाचा होता? आणि तुम्ही दर वेळी ते हात माझ्यासमोर धरायचात.

"कुलूप मी लावलं, ताई. फोनानं न्हाई लावलं."

"आणि तुम्ही काय हौस म्हणून लावलं?"

"हुकूम कुणाचा बी असू दे. हात माझा हाय."

यावर मी डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, तुम्ही एकटे स्वतःला दोषी धरून बसलात ना, ते साहेबाला हवंच आहे. तुमचा पश्चात्ताप त्याच्या सोयीचा आहे. तुम्ही रोज इथं बसून रडा, तो तिकडं दुसरी फॅक्टरी काढेल. तुमची चूक तुमच्यापाशी, ती मी माफ केलेली नाही आणि करणारही नाही. पण ज्यानं थिनरच्या पिंपाशेजारी पाच माणसं कोंडायला सांगितली, ज्याला त्यातून माल मिळाला, तो कुठल्या कायद्यात बसतो ते मला बघायचंय. तुम्ही मान हलवायचात. पटलं म्हणून नाही, मी गप्प बसावं म्हणून.

आणि कंपनीला नावं ठेवलेली तुम्हाला खपायची नाहीत. एकदा येताना बस चाकणच्या चौकात तासभर अडकली होती. मी कंटेनरवाल्यांना, कंपन्यांना, सगळ्यांना शिव्या घालत होते. तुम्ही म्हणालात, असं बोलू नका ताई. माझ्या बापाच्या वेळी गावात एक मुलगी सातवीच्या पुढं गेली नव्हती. कंपन्या आल्या, आता माझी नात ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, मी चालवते त्याच मेसमध्ये जेवते ती, आणि पोळीच्या कडा टाकते. तेव्हा तुम्ही हसलात. समोरचे दोन दात नसलेलं ते हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कंपनीचं मीठ खाल्लंय, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते मनापासून म्हणायचात. त्यामुळं तुमच्याशी भांडणं फार अवघड होतं. लबाड माणसाशी भांडता येतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही मला दिलीत, ती कोर्टानं दिली नाही आणि देणारही नाही. त्या सकाळी सुधाकरनं त्याचा डबा तुमच्याकडं ठेवायला दिला होता, आत भाजीला थिनरचा वास लागतो म्हणून. पेंट शॉपवाले सगळेच असं करतात, मला माहीत होतं. पण त्या दिवशी तो काय म्हणाला ते मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत, की त्यानं डबा देताना म्हटलं, नाना, आज मेथी आहे, दुपारी आपण दोघं बाहेर बसून खाऊ, पळून जाऊ नका. चोरून आत शिरलेला माणूस असं दुपारच्या जेवणाचं ठरवून जातो का हो? ते ऐकून मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोपले. तुमचे उपकार आहेत ते, आणि कबूल करायला मला जड जातंय.

तुमच्या घरी मी प्रथम आले ती तुम्ही एका तारखेला आला नाहीत म्हणून. मला वाटलं फुटलात. बघते तर तुम्ही ओसरीवर खोकत बसलेले. घरात माई एकट्या, तुमच्या कारभारीण. त्या मला बघून दचकल्या नाहीत. आत ये म्हणाल्या, चुलीवरची भाकरी दिली. घराच्या एकाही दाराला कडी नव्हती. मोरीच्यासुद्धा. माईंनी सांगितलं, त्या गुरुवारनंतर तुम्ही पक्कड घेऊन सगळ्या कड्या उचकटून टाकल्या. रात्री कुत्री आत येतात, पण दार लावू देत नाही हा माणूस. मी आपली भाकरी खाल्ली. त्या दिवशी मला तुमच्याशी भांडता आलं नाही.

मग ती दिवाळीच्या आधीची तारीख. तुम्ही बाकड्यावर येऊन बसलात आणि रामकृष्ण हरी म्हणालाच नाहीत. काय झालं विचारलं, तर छातीवर हात ठेवलात. मग सांगितलंत. तुम्ही गुरुवारी त्या रस्त्यानं दवाखान्यात निघाला होतात. आपल्याच शेडला नवीन नावाचा बोर्ड लागला होता. शटर खाली, बाहेरून कुलूप, समोरच्या टपरीवर एक तरुण रखवालदार मोबाइल बघत बसलेला. आणि आतून कॉम्प्रेसरचा आवाज.

तुम्ही त्या पोराला जाऊन म्हणालात, उघड. तो म्हणाला, बाबा, कंपनी बंद हाय, चला पुढं.

"ताई, मी बोलतो," तुम्ही मला म्हणालात. "सगळं सांगतो कोर्टात."

मी तुमच्या पाया पडायचीच बाकी होते. फरजाना मॅडमनी तुम्हाला सगळं नीट समजावलं. कंपनीचा वकील सोडायचा, माफीचा साक्षीदार व्हायचं, फोनवर काय काय बोलणं व्हायचं ते मॅजिस्ट्रेटसमोर सांगायचं. तुम्ही माफी हा शब्द ऐकूनच बिथरलात. आपल्याला माफी नको, म्हणालात. मॅडम म्हणाल्या, नको तर नको, पण कायद्यात त्याला असंच म्हणतात. कसेबसे कबूल झालात. आणि मग ती अट घातलीत. साहेब कोर्टात आला पाहिजे. तो समोर उभा असेल तेव्हाच मी बोलणार.

अहो नाना! कुठली ही रीत? तुम्ही म्हणालात, गावची. तुमच्या वडिलांनी शिकवलेली. कुणावर आळ घ्यायचा तर त्याच्या तोंडावर घ्यायचा, त्याला उत्तर द्यायची सोय ठेवून. माघारी नाव घेतो ती चहाडी. त्यानं आपल्याला वीस वर्षं भाकरी दिली, त्याच्या पाठीमागं आपण हे करायचं नाही. मॅडमनी हात जोडले, की काका, साहेब येत नाहीत, दर वेळी त्यांच्या गैरहजेरीचा अर्ज येतो, कधी तब्येत, कधी परदेश, आणि तो मंजूर होतो. तुम्ही म्हणालात, मग येईल तेव्हा. आम्हाला कुठं घाई हाय?

घाई होती हो. तुमची छाती भाता झाली होती, दोन पायऱ्या चढून बसायला लागायचं. पण दर तारखेला तुम्ही आधी शिपायाला विचारायचात, साहेब आलाय का? तो नाही म्हणाला की निवांत बाकड्यावर टेकायचात, जसं काही पाव्हणा उशिरा येणार आहे. आणि मी तुमच्या शेजारी बसून रागानं थरथरायचे. तारखा अशा गेल्या. ज्याला गुरुवारी माणसं कोंडताना कुणाच्या तोंडाकडं बघावंसं वाटलं नाही, त्याला तोंडावर सांगायला तुम्ही थांबलात. ही तुमची मोठी माणुसकी. ती मला परवडत नव्हती, सुधाकरला परवडत नव्हती, बाकीच्या चौघांच्या घरच्यांना परवडत नव्हती. तुम्हाला हे मी पुष्कळ वेळा सांगितलं आणि पुन्हा सांगते, तुम्ही चुकलात. सपशेल चुकलात.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही होतात तेव्हा मी मेसच्या पोळ्या उरकून रोज यायचे. शेवटच्या आठवड्यात मी माझा मोबाइल काढून तुमच्यासमोर धरला. नाना, एवढं दोन मिनिटं बोला, मी रेकॉर्ड करते, पुढं काही झालं तर मॅडम काहीतरी करतील. तुम्ही नाकावरची नळी बाजूला केली आणि तो गुळगुळीत हात माझ्या मोबाइलवर ठेवलात.

"असं चोरून न्हाई, ताई. साहेब येऊ दे."

मला वाटलं ओरडावं. पण तुमच्या डोळ्यांत भीती नव्हती, हट्टही नव्हता. तुम्हाला खरंच वाटत होतं तो येईल. मी भाकरीचा दुधात काला केला आणि भरवला. दोन घास खाल्लेत.

तुम्ही गेल्यावर फरजाना मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, नानांपुरतं प्रकरण संपलं. म्हणजे तुम्ही सुटलात. आणि साहेबांचा अर्ज पडून होता, की माझा रोजच्या कामाशी संबंध नाही, रखवालदारानं परस्पर गेट उघडलं, मला यातून वगळा. आता उलटून बोलायला कुणी उरलं नाही. मॅडम खिडकीकडं बघत होत्या. मी विचारलं, मग सुधाकर चोरच राहणार का?

त्या दिवसांत मला तुमचा इतका राग आला, नाना, की तुमच्या दशक्रियेला यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी आले. माणसं पांगल्यावर माईंपाशी बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी फणफणत सगळं बोलून टाकलं, की त्या फोनवर काय ठरायचं हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यातला एक गेला आणि दुसरा कशाला सांगेल. माईंनी मान वर केली. म्हणाल्या, दोघांना कशानं? मला बी ठाऊक हाय की. त्यांना कॉम्प्रेसरच्या आवाजानं ऐकू कमी यायचं. घरी फोन आला की ते आवाज मोठा करूनच धरायचे, सगळ्या घराला ऐकू जायचं. बुधवारी मी भाकऱ्या थापत असायची तेव्हाच साहेबाचा फोन यायचा. उद्या चालू ठेवायचं, अमक्याला तमक्याला बोलवा, कुलूप बाहेरून लावा आणि तुम्ही टपरीवर बसा. सुधाकरचं नाव त्या बुधवारी घेतलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय.

मी विचारलं, माई, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर त्या म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही. पोलीस आले ते तुमच्याशी बोलून गेले. वकील आले ते तुमच्याशी. आणि तुम्ही त्यांना बजावून ठेवलं होतं, कोर्टाची पायरी बाईमाणसानं चढायची नाही. मीसुद्धा त्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मी म्हटलं, चढाल का पायरी? त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, येते. धनी साहेबाची वाट बघत गेले. मी न्हाई कुणाची वाट बघणार.

काल त्यांना घेऊन मी कोर्टात गेले. धुवट पातळ, कपाळ मोकळं, सगळा वेळ माझा दंड घट्ट धरून. मॅडमनी सरकारी वकिलांना आधीच सांगून अर्ज तयार ठेवला होता. आणि नाना, साहेब आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पांढरा शर्ट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बरोबर दोन माणसं. तुम्ही गेल्याचं कळलं असणार, सुटका ऐकायला जातीनं आले. तुम्ही ज्या बाकड्यावर बसायचात त्याच्यासमोरूनच आत गेले. मेल्या, आता आलास?

त्यांचा वकील उभा राहिला. पहिला आरोपी मयत झालाय, आमच्या अशिलाविरुद्ध आता कसलाही पुरावा उरलेला नाही, वगैरे. तुमच्याविषयी दोन शब्द हळहळीचेही बोलला. मग सरकारी वकिलांनी अर्ज दिला, की मयताच्या पत्नीची साक्ष घ्यायची आहे. जजसाहेबांनी विचारलं, कुठं आहेत त्या? माई माझा दंड सोडून उभ्या राहिल्या. अंगठ्यानं फरशी टोकरत होत्या, पण उभ्या राहिल्या.

साहेबांनी मागं वळून बघितलं. माईंना कशाला ओळखतील ते? कधी बघितलंच नव्हतं. वकिलाकडं वाकले, आणि हळू बोलायची सवय नाही ना, सगळ्यांना ऐकू गेलं.

"ही कोण बाई?"

माईंनी डोळे मिटून घेतले. क्षणभर मला वाटलं, घेरी आली. पण त्या ऐकत होत्या. मग डोळे उघडून जजसाहेबांना म्हणाल्या:

"ह्योच. बुधवारचा आवाज ह्योच."

त्यांचा वकील हरकत घ्यायला उठला, जजसाहेबांनी त्याला बसवलं. माईंना सांगितलं, आजी, आज नाही, तुमची साक्ष पुढच्या तारखेला रीतसर घेऊ. आणि साहेबांना सांगितलं, त्या दिवशी जातीनं हजर राहायचं, अर्ज चालणार नाही. मॅडम म्हणतात, फार आशा ठेवू नका. इतक्या उशिरा का बोलली, मेलेल्या नवऱ्याचं नाव राखायला खोटं सांगते, असं विचारून विचारून माईंच्या चिंध्या करतील. करतील, मला माहीत आहे. सुधाकर परत यायचा नाही, तुम्ही यायचे नाही, आणि त्या शेडमध्ये येत्या गुरुवारीही कॉम्प्रेसर चालू असेल.

पण एक तुम्हाला सांगते. आमचं उरकल्यावरही साहेबांना बराच वेळ तिथं थांबावं लागलं, कसल्या कसल्या सह्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. माई दाराशी उभ्या होत्या, आणि ते वकिलाला जे काही सांगायचं ते कागदावर लिहून दाखवत होते.